वाट सांगणाऱ्या पुस्तकांची पारख

काही वर्षांपूर्वी शाळेची नववीची मुले घेऊन मी सह्याद्रीतल्या एका गडावर गेलो होतो. मार्चचा पहिला आठवडा होता. माथ्यावरच्या टाक्यात बारमाही पाणी असते, असे हातातल्या पुस्तकात लिहिले होते. त्या भरवशावर प्रत्येकाने एकच बाटली घेतली. वर टाके कोरडे ठणठणीत. उतरताना एका मुलाला भोवळ आली. पायथ्याच्या वस्तीवरच्या आजींनी कळशीभर पाणी दिले आणि म्हणाल्या, "ते टाकं शिमग्याआधीच आटतंय की, मास्तर. कोण सांगितलं तुम्हाला?"

घरी येऊन ते पुस्तक पुन्हा वाचले. लेखक गडावर कोणत्या साली, कोणत्या महिन्यात गेला होता, याचा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. वाट सांगणारे पुस्तक फसले तर जिवाशी गाठ असते. म्हणून त्याची समीक्षा अधिक कडक हवी. आता आपल्या भागातली मुले बदामीच्या तांबड्या वालुकाश्मावर दोर लावून चढतात, कोणी हिमालयात प्रशिक्षण घेऊन येते. "सर, पुस्तक कोणते घेऊ?" असे माजी विद्यार्थी विचारतात. मी स्वतः कडे चढलेलो नाही. पण पुस्तक पारखणे हा माझा व्यवसाय आहे. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

पहिली कसोटी शब्दांची. 'अवघड' म्हणजे किती अवघड? ओवेन ग्लिन जोन्स या शिक्षकाने 1897 साली इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील कडेचढाईवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने चढायांच्या चार प्रती लावल्या: सोपी, मध्यम, अवघड आणि असाधारण कठीण. प्रत्येक प्रतीखाली ठरावीक चढायांची नावे दिली. एक चढाई केली, की तिच्या शेजारची कशी असेल याचा अंदाज येतो. गुणपत्रिकेसारखीच ही गोष्ट आहे. तुलना नसेल तर गुणांना अर्थ नाही. हा जोन्स 1899 साली आल्प्समधील दां ब्लांश शिखरावर पडून गेला, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. प्रतवारी करणारालाही डोंगर सवलत देत नाही.

दुसरी कसोटी हेतूची. गास्तों रेब्यूफा या फ्रेंच वाटाड्याचे मों ब्लां पर्वतराजीतील शंभर निवडक चढायांचे पुस्तक 1973 साली आले. सोप्यापासून कठीणापर्यंत चढत जाणारा त्याचा क्रम हाच एक अभ्यासक्रम आहे. पहिल्या दहांत पाय स्थिर झाल्याशिवाय पन्नासावीकडे पाहू नये, हे तो न ओरडता सांगतो. मात्र हे ओढ लावणारे पुस्तक आहे. दोर बांधल्यावर पुढे डावीकडे की उजवीकडे, यासाठी त्याच पर्वतराजीची तपशीलवार 'व्हालो' मार्गदर्शिका वेगळी आहे. आपल्याकडे गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' गडांचे वेड लावते. तिच्याकडून पाण्याच्या टाक्याचा हिशेब मागणे हा तिच्यावर अन्याय होईल. म्हणून माझा सल्ला असा, की पुस्तके दोन घ्यावीत: एक मनासाठी, एक पाठपिशवीसाठी. एकाचे काम दुसऱ्यावर लादू नये.

तिसरी कसोटी काळाची, आणि ती सर्वांत कठोर. पुस्तक उत्तम असूनही खोटे ठरू शकते, कारण डोंगर बदलतो. वाल्तेर बोनाती याने 1955 साली द्र्यू शिखराचा जो खांब एकट्याने चढला, तो 2005 साली कोसळला. रेब्यूफाच्या शंभरांपैकी 95 चढायांचा अभ्यास फ्रेंच संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केला. हवामान वाढत्या उष्णतेने बदलल्यामुळे त्यांतील 93 चढायांवर परिणाम झाला होता. 26 फारच बदलल्या होत्या आणि 3 उरल्याच नव्हत्या. बर्फ ओसरले, गोठून घट्ट धरलेले खडक सुटले. यात रेब्यूफाचा दोष नाही. त्याच्या पुस्तकावर साल आहे. ते न पाहता निघणारा दोषी.

तेव्हा दुकानात उभे राहून एवढे पाहावे. लेखक स्वतः ती वाट चढला आहे का, आणि न चढलेल्या वाटेबद्दल तसे कबूल करतो का? साल आणि ऋतू दिला आहे का? उतरायची वाट चढाईइतक्याच काळजीने सांगितली आहे का? धोक्याचे शब्द नेमके आहेत, की नुसते 'रोमहर्षक'? 'रोमहर्षक' हा शब्द पानापानावर भेटला, तर पुस्तक खुशाल खाली ठेवावे. आणि चांगले मिळाले, तरी पायथ्याच्या माणसाला विचारल्याशिवाय वर जाऊ नये. त्या आजींची आवृत्ती दरवर्षी सुधारलेली असते.

आमच्या ग्रंथालयातले ते जुने पुस्तक मी रद्दीत घातले नाही. त्या गडाच्या पानावर समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली: 'टाके मार्चमध्ये कोरडे'. खाली तारीख घातली. तिच्याखाली आता दोन विद्यार्थ्यांच्याही नोंदी आहेत, तारखांसह.