शालेय भूगोलातील वारे : परिभाषेचा विचार

वायुदाब आणि वारे हे प्रकरण शालेय भूगोलात कठीण समजले जाते. त्या काठिण्याचा बराच भाग विषयात नसून परिभाषेत आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

'वायुभार' हा जुना शब्द प्रथम घेऊ. भार म्हणजे वजन. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. 'समभार रेषा' जाऊन 'समदाब रेषा' आली, ही सुधारणा इष्टच होय. 'व्यापारी वारे' ही संज्ञा मात्र सदोष भाषांतराचा नमुना आहे. मूळ इंग्रजी संज्ञेतील 'ट्रेड' याचा जुना अर्थ 'ठरलेली वाट' असा होता. व्यापाराचा अर्थ इंग्रजीतच मागाहून तीस चिकटला आणि मराठीने तो प्रमाद जसाच्या तसा स्वीकारला. 'पूर्वीय वारे' ही संज्ञा निदान दिशा तरी सांगते. परंतु 'पूर्वेकडील वारे' असे लिहिताच संदिग्धता येते. 'कडील' स्थान दर्शवितो, आगमन नव्हे. तेथे 'पूर्वेकडून येणारे' असेच लिहावयास हवे.

'पट्टा' या शब्दाचा घोटाळा अधिक गंभीर आहे. पाठ्यपुस्तकातील दाबपट्टे अक्षवृत्तांना अनुसरून पृथ्वीभोवती पसरलेले असतात व ऋतुमानाप्रमाणे थोडेसे सरकतात. वृत्तपत्रातील बंगालच्या उपसागरावरचा 'कमी दाबाचा पट्टा' हे बहुधा काही दिवसांत विरून जाणारे क्षेत्र असते. त्यास 'क्षेत्र'च म्हणावे. एरवी वर्गात शिकलेला शब्द वर्गाबाहेर विद्यार्थ्यास फसवितो.

सातारा-सांगलीकडे पाहता या शब्दांचे मोल कळते. समुद्रसपाटीस सरासरी १०१३ मिलिबार असलेला दाब १३७२ मीटर उंचीच्या महाबळेश्वरी ८६०च्या आसपास येतो. नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्री चढताना थंड होतो आणि तेथे वर्षाकाठी ५,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस उतरताना तोच वारा उष्ण व कोरडा होतो. माण आणि जत यांच्या वाट्यास ५०० मि.मी.च्या आसपास पाऊस येतो. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्याही वाऱ्यावरच फिरतात.

जतच्या विद्यार्थ्याच्या लेखी वारा ही केवळ परीक्षेतील आकृती नव्हे. घरची ज्वारी त्यावर अवलंबून असते. म्हणून परिभाषेची कसोटी तिच्या संस्कृतप्रचुरतेत शोधू नये. शाळेत शिकलेल्या शब्दांनी त्याला हवामानाचे वृत्त अचूक वाचता येते की नाही, हीच ती कसोटी होय.