लोकमान्यता की लोकसंमती? बारेंड्रेख्त कार्बन साठवण प्रकल्पाच्या मीमांसेची चिकित्सा

कार्बन ग्रहण व साठवण या तंत्रज्ञानाविषयीच्या सामाजिक अभ्यासात नेदरलँड्समधील बारेंड्रेख्त या नगराचा उल्लेख वारंवार येतो. रॉटरडॅमलगतच्या पेर्निस येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या नगराखालील, उत्पादन संपत आलेल्या नैसर्गिक वायुक्षेत्रांत साठविण्याची शेल कंपनीची योजना होती. वर्षाला सुमारे ४ लाख टन याप्रमाणे एकूण सुमारे १ कोटी टन वायू दीड किलोमीटरहून अधिक खोलीवर साठविला जाणार होता. नगर परिषदेचा विरोध असतानाही नोव्हेंबर २००९ मध्ये राष्ट्रीय शासनाने योजनेस संमती दिली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, झालेला विलंब आणि स्थानिक पाठिंब्याचा अभाव या कारणांवरून शासनाने ती रद्द केली.

या विरोधाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले स्वार्थाचे : प्रकल्प हवा, पण आपल्या दारात नको. दुसरे अज्ञानाचे : लोकांना पुरेशी माहिती नव्हती. फेन्स्ट्रा, मिकुंडा व ब्रुन्स्टिंग यांच्या २०१० मधील अभ्यासाने रहिवाशांच्या भीतीपुरते न थांबता निर्णयप्रक्रिया व संबंधित घटकांमधील संवाद तपासला, ही त्याची जमेची बाजू होय. तथापि अशा अभ्यासांतून 'संवाद लवकर सुरू करावा' एवढाच धडा घेतला जातो, तेव्हा मूळ प्रश्न निसटतो. निर्णय आधीच ठरलेला असेल, तर लवकर सुरू झालेला संवादही केवळ मनधरणीच ठरतो.

याच पेर्निस कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड २००५ पासून नलिकेद्वारे परिसरातील हरितगृहांना पुरविला जातो, ही बाब येथे लक्षणीय आहे. तेथे तो पिकांच्या वाढीस उपयोगी पडतो. भूगर्भात दाबाखाली केलेली साठवण आणि हा पुरवठा यांतील जोखीम सारखी नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु लाभ कोणाचा आणि भार कोणावर, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी वेगळे होते. बारेंड्रेख्तच्या रहिवाशांच्या वाट्याला घरांच्या किमतींची व सुरक्षिततेची चिंता आली. नकाराचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

पुढे रॉटरडॅम बंदरातील पोर्थोस प्रकल्पासाठी उत्तर समुद्राखालील रिकाम्या वायुक्षेत्रांची निवड झाली. त्याचा अंतिम गुंतवणूक निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. समुद्रातील साठवणीला तांत्रिक आधार आहे. मात्र सामाजिक दृष्टीने पाहता हा प्रश्न सुटलेला नसून त्याची जागा तेवढी बदलली आहे. कारण समुद्रतळाखालील साठ्यावर वस्ती नसते.

लोकमान्यता म्हणजे झालेल्या निर्णयाचा स्वीकार. लोकसंमती म्हणजे निर्णयातील सहभाग. 'लोकांनी तंत्रज्ञान का नाकारले?' असे विचारणारा अभ्यास पहिलीचेच मोजमाप करतो. 'नाकारण्याचा अधिकार त्यांना कधी दिला होता का?' हा प्रश्न जोवर अभ्यासाचा विषय होत नाही, तोवर बारेंड्रेख्तची मीमांसा अपुरीच राहील.