दोन जुन्या मोबाईलांचा तक्ता कसा वाचावा?

आटपाडीच्या एका शिक्षकमित्रांनी आपल्या नववीच्या मुलांकडून करून घेतलेला एक तक्ता मला पाहण्यासाठी पाठवला. घरोघरी फडताळांत पडून असलेले बटनांचे जुने फोन मुलांनी गोळा केले, त्यांतले नोकिया ३३१० आणि नोकिया ११०० हे दोन निवडले, त्यांची वैशिष्ट्ये शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक रांगेला एक गुण देऊन ‘११०० सरस’ असा निकाल लावला. उपक्रम चांगला आहे. निकालही मला मान्य आहे. तो काढण्याची रीत मात्र तपासायला हवी. पंप, बियाणे, औषधे अशा कितीतरी वस्तू आपण असेच तक्ते वाचून विकत घेत असतो.

आधी आकडे पाहू. ३३१० हा २००० साली आला, ११०० हा २००३ साली. वजन १३३ ग्रॅम व ८६ ग्रॅम. स्क्रीनवरचे ठिपके ८४×४८ व ९६×६५, म्हणजे ४,०३२ व ६,२४०. बॅटरी ९०० व ८५० मिलीअँपिअर-तास. नुसता चालू ठेवला तर २६० तास व ४०० तास. बोलत राहिले तर दोन्हीही साडेचार तास. वजन आणि ठिपके यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. ज्याला शंका असेल त्याने तराजू आणि भिंग घ्यावे.

बॅटरीच्या रांगेत मुलांनी ३३१० ला गुण दिला, कारण ९०० हा आकडा ८५० पेक्षा मोठा. परंतु मिलीअँपिअर-तास हे विद्युतभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जेसाठी त्याला व्होल्टतेने गुणावे लागते. ११०० ची बॅटरी ३.७ व्होल्टची, ०.८५ ला ३.७ ने गुणले की सुमारे ३.१५ वॅट-तास, म्हणजे ११,३०० ज्यूल येतात. एवढ्या ऊर्जेत, कोठेही गळती न होता, वीस लिटर पाणी सुमारे ५८ मीटर वर चढेल. बोअरच्या पाण्याची खोली तोंडपाठ असलेल्या मुलांना हे उदाहरण नक्की पटेल. शिवाय दोन्ही बॅटऱ्यांचे रसायन वेगळे. ३३१० बरोबर येणारी ९०० ची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची, तर ११०० ची लिथियम-आयन. पहिला प्रकार काही न करता नुसता ठेवला तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भार गमावतो. दुसऱ्यात ही गळती फारच थोडी असते.

आता एक भागाकार करू. भार भागिले तास केले की सरासरी प्रवाह मिळतो. फोन नुसता चालू असताना ३३१० साठी ९०० भागिले २६०, म्हणजे सुमारे साडेतीन मिलीअँपिअर. ११०० साठी ८५० भागिले ४००, म्हणजे दोनच्या किंचित वर. बोलताना मात्र २०० आणि १८९. तीन वर्षांत वाट पाहण्याचा खर्च बराच उतरला, बोलण्याचा जवळजवळ तेवढाच राहिला. असे का व्हावे? बोलताना बराचसा खर्च रेडिओलहरी पाठवण्यात होतो, आणि त्या किती जोरात पाठवायच्या हे जीएसएमच्या नियमांनी ठरलेले असते व टॉवर फोनला ते सांगत असतो. कारखानदाराच्या हाती तेथे फारसे काही उरत नाही.

येथेच तक्त्यातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मुलांची नव्हे. ३३१० च्या माहितीपत्रकात ‘५५ ते २६० तास’ असे लिहिलेले असते. तक्त्यात आले फक्त २६०. जाहिराती आणि दुकानांतले फलक हेच करतात: ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत, आकडा ठळक. पाचपट फरक असलेल्या दोन आकड्यांतला आपल्या गावाला कोणता लागू पडतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हे फोन जास्तीत जास्त २ वॅटने प्रक्षेपण करू शकतात, आणि टॉवर जवळ असला की तीन-चार मिलीवॅटवरही काम भागते. म्हणजे सुमारे सहाशेपट फरक. शहरातल्या माणसाला टॉवर हाकेच्या अंतरावर. माणगंगेच्या खोऱ्यातल्या एखाद्या माळावरच्या वस्तीवर, किंवा मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळाच्या हातात, तोच फोन पूर्ण जोर लावून बोलतो. आणि रेंज अजिबात नसेल तर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो. टॉवर असूनही नुसत्या वाट पाहण्याचा खर्च कंपनीनुसार बदलतो. आपल्यासाठी कॉल आहे का हे ऐकण्यासाठी फोन ठराविक काळाने जागा होतो. हा काळ अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत किती ठेवायचा ते नेटवर्क ठरवते. म्हणजे या रांगेतला आकडा एकट्या फोनचा नाहीच.

‘मोठा संदेश : ४५९ अक्षरे’ ही ३३१० ची रांग मला विशेष आवडली, कारण एवढी विचित्र संख्या दिसली की ती उकलून पाहावी. एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे. अनेक संदेश जोडायचे तर जोडणीच्या खुणांना सात अक्षरांची जागा जाते, उरतात १५३. तीन गुणिले १५३ बरोबर ४५९! पण देवनागरीला प्रत्येक चिन्हास १६ बिट लागतात. १,१२० भागिले १६ म्हणजे ७०, आणि जोडसंदेशात ६७. त्यातही ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोजला जातो सात चिन्हांचा : न, म, स, हलन्त, क, काना, र. तेव्हा तक्त्यात ‘अक्षरे’ न लिहिता ‘रोमन अक्षरे’ लिहायला हवे होते. गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडी भागातली माणसे देशभर पसरलेली आहेत. त्यांच्या घरचे निरोप इतकी वर्षे रोमन लिपीतल्या मराठीत का गेले, याचे एक कारण या भागाकारात आहे.

आता ‘इतर’ नावाच्या शेवटच्या रांगेकडे येतो. तेथे ११०० पुढे ‘टॉर्च, धूळरोधक बटने’ असे लिहून मुलांनी एक गुण दिला आहे. माझ्या मते हीच रांग पहिली हवी होती. भारनियमनाच्या काळात शेतीची वीज रात्री-अपरात्री येई. मोटार सुरू करायला निघालेल्या माणसाने ‘सी’चे बटन दाबून धरले की पायाखालची वाट दिसे. त्या दिव्याची किंमत साप पाहिलेल्यालाच कळते. आणि दुष्काळी पट्ट्यातल्या धुळीविषयी आटपाडीकरांना मी काय सांगावे! ११०० चे २५ कोटींहून अधिक नग जगभर खपले ते काही ठिपक्यांच्या संख्येमुळे नव्हेत.

तक्त्यात न आलेली एक गोष्ट नोंदवतो. ११०० च्या बॅटरीवर बीएल-५सी असे लिहिलेले असते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने याच नावाच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या या बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापण्याची शक्यता होती, आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवण्यात आली. नाव एक, आकडे तेच, कारखाना मात्र वेगळा. मुलांनी गोळा केलेल्या फोनांत बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नये, टोचून तर मुळीच पाहू नये.

पुढच्या वर्षी हा उपक्रम पुन्हा करणार असाल तर गुणांचा रकाना काढून टाका आणि त्या जागी ‘हे कोणी, कोठे मोजले?’ असा रकाना घाला. एक मोजमाप मुलांना स्वतः करता येईल. टूजी सेवा अजून चालू असेल अशा ठिकाणी, यांपैकी चालू स्थितीतला फोन रेडिओजवळ ठेवून कॉल लावा. रेडिओतून टरटर असा आवाज येईल. फोन दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एकदा, एकूण वेळेच्या आठव्या हिश्शापुरता, बोलतो. म्हणून त्या आवाजाची वारंवारता सुमारे २१७ हर्ट्‌झ असते. हार्मोनियमवर तो सूर कोणत्या पट्टीशी जुळतो ते मुलांना शोधू द्या, आणि मग फोन घेऊन गावाबाहेरच्या माळावर जा व टरटर कमी होते की वाढते ते ऐका.