घसारा

वाणिज्य शाखेच्या पदवीने मला जे मोजके शब्द दिले, त्यांत 'घसारा' हा माझा सर्वांत लाडका. इंग्रजीत त्याला डेप्रिसिएशन असं भारदस्त नाव आहे, पण त्यात काही घासल्याचा आवाज येत नाही. घसारा म्हटलं की कोणीतरी वस्तू वापरतंय हे कानालाच कळतं. यंत्र वापरलं की झिजतं. झिजलं की दरसाल पुस्तकात त्याची किंमत कमी करायची. आणि ती कमी झाली म्हणून गळा काढायचा नाही, कारण तेवढं काम आपण त्याच्याकडून करून घेतलेलं असतं. इतका सरळ हिशेब. पण तो मान्य नसलेली एक जमात आहे. जुन्या घडणीचे खिशातले चाकू जमवणाऱ्यांची.

'खिशात चाकू' म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. आपल्याकडे या वस्तूची अब्रू हिंदी सिनेमाने घालवली. रामपूरच्या कारागिरांनी मेहनतीने चाकू घडवला आणि पडद्यावरच्या खलनायकाने तो खटकन उघडून त्यांचं नाव कायमचं पोलिसचौकीत नोंदवलं. आमचे हे संग्राहक मात्र अत्यंत पापभीरू. रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, आणि आपण पत्ते काढावेत तसे खिशातून आपापले चाकू काढून टेबलावर मांडतात. मग 'आज काय घेऊन आलात?' अशी चौकशी होते. त्यांतल्या एका स्नेह्यांमुळे ही बैठक मला अधूनमधून घडते.

आता समीक्षा करायची तर आधी गुण सांगितले पाहिजेत. वस्तू खरोखर देखण्या असतात. फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९० साली एक चाकू केला. १८९७ साली त्याचे बारा आकार ठरले, त्यांना एक ते बारा असे सरळ नंबर दिले. लाकडी मूठ, पोलादी पातं, एक खिळा, आणि १९५५ पासून पातं बोटावर मिटू नये म्हणून फिरवायचं एक कडं. सगळे सुटे भाग मोजायला एका हाताची बोटं पुरतात (कडं फिरवायला विसरलात तर नाही पुरणार). शेतकऱ्याने त्याने भाकरीच्या जागी पाव कापावा, चीज कापावं, फांदी छाटावी आणि पँटीला पुसून खिशात टाकावा. इतकी नेमकी वस्तू पाहिली की माणसाला आपली शाखा, आपली फॉर्मं आणि आपली परिपत्रकं आठवून लाज वाटते. त्याच देशातल्या लायोल गावचा चाकू जरा शौकीन. कंबर बारीक, पाठीवर धातूची माशी, आणि १८८० पासून सोबतीला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. पण तोही मुळात गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या खिशातलाच.

इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती पेरूपासून.

एका रविवारी वहिनींनी ताटलीत पेरू आणून ठेवले. टेबलावर अकरा चाकू होते.

"कापा की एखाद्याने," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी देवघरातल्या समईवर पापड भाजायला निघालोय.

"अहो, हे पातं अजून अनटच्ड आहे," एकजण म्हणाले.

"माझं कार्बनचं पोलाद आहे. पेरूने डाग पडतो," दुसरे म्हणाले.

शेवटी वहिनींनी आतून विळी आणली, खाली बसून दोन मिनिटांत सहा पेरू चिरले, आणि जाता जाता "तिखटमीठ लावू का, की त्यानेही काही होतं?" एवढंच विचारलं.

गंमत अशी, की डाग पडायचं ज्यांना भय, त्यांतलेच काही रात्री पात्याला बाटलीतली मोहरीची चटणी फासून ठेवतात. व्हिनेगरमध्येही बुडवतात. रोज फळं-भाज्या कापून कार्बनच्या पोलादावर हळूहळू जी करडी-निळसर झाक चढते, ती अशी एका रात्रीत चढवायची! म्हणजे काम करायचं नाही, पण केल्यासारखं दिसायचं. ही कला फक्त मार्चअखेरीच्या ताळेबंदातच असते असं नाही.

आमच्या स्नेह्यांकडे बावन्न चाकू आहेत. ते प्रामाणिक आहेत, आठवड्याला एक याप्रमाणे पाळीपाळीने वापरतात. मी कागदावर हिशेब मांडला. रोज राबणारा चाकू तीस वर्षांत झिजतो असं धरलं, तर ते झाले १०,९५० दिवस. वर्षाला सात दिवस राबणाऱ्याला तेवढं झिजायला लागतील १,५६४ वर्षं. चाकू घेताना "आयुष्यभर टिकतो" म्हणून घेतला होता. आयुष्य कोणाचं, ते विचारायचं राहिलं.

या हौसेचं टोक शेफील्डला आहे. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८२२ साली १,८२२ पात्यांचा चाकू केला, आणि पुढे सालागणिक एकेक पातं वाढवण्याचा घाट घातला. एवढी पाती, पण त्याने एक लिंबू कापून दाखवा! कसबाला माझा नमस्कार; पण ते प्रदर्शन आहे, चाकू नव्हे.

जमवण्याला माझा विरोध नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते मी हौसेने पाहिलेत. ते कोणाच्या तरी पानदानातून, कोणाची तरी जेवणं उरकल्यावर तिथे आले. वापरून झालेली वस्तू जपणं निराळं आणि वापर होऊ नये म्हणून जपणं निराळं.

मी बँकेत लागलो तेव्हा एक वयस्कर हेडकॅशियर होते. त्यांच्याकडे बिननावाचा एक चाकू होता. नोटांच्या पाकिटांना पिना मारणं २००१ साली रिझर्व्ह बँकेने बंद करायला लावलं, पण त्याआधीची बरीच वर्षं त्या चाकूने पिना उचकल्या होत्या. शिवाय सुतळ्या कापायच्या, लाखेचे शिक्के फोडायचे, आणि दुपारच्या डब्याला सगळ्यांसाठी काकडी सोलायची. धार गेली की कँटीनच्या कपाच्या खरखरीत बुडावर घासायचे. पातं झिजून कण्हेरीच्या पानाएवढं उरलं होतं. संग्राहकांच्या बाजारात त्याला कोणी चार आणे दिले नसते.

आमच्या हिशेबात मात्र अशा वस्तूला जागा आहे. पूर्ण घसारा लागलेली, पण अजून कामावर असलेली वस्तू पुस्तकात एक रुपयाला दाखवतात. म्हणजे हिची वसुली झाली, पण ही हजर आहे, विसरू नका.

फ्रान्समध्ये अशी समजूत आहे, की चाकू भेट दिला तर मैत्री कापली जाते. म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एखादं नाणं ठेवायचं. मी स्नेह्यांना सुचवलंय, एक चाकू ठेवा, बाकीचे एकावन्न पेरू खाणाऱ्यांना वाटा आणि प्रत्येकी एक रुपया घ्या. पुस्तकंही जुळतील.

ते विचार करतो म्हणालेत. वहिनींनी मात्र रुपया लगेच काढून दिला.