एका ध्वनिमुद्रिकेचे पाठभेद : ‘वंडरवॉल म्युझिक’च्या विविध प्रेसिंगांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

जुन्या रॉक ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांमध्ये एक प्रश्न नेहमी चर्चिला जातो : एकाच अल्बमच्या अनेक प्रेसिंगांपैकी सर्वांत चांगले कोणते? पहिले ब्रिटिश, नंतरचे अमेरिकन की अलीकडचे पुनर्मुद्रण? बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर आवाजाच्या गोडव्यावर किंवा बाजारातील किमतीवर येऊन थांबते. परंतु मराठी अभ्यासकाला हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. हस्तलिखितांच्या प्रती जमवून पाठ निश्चित करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत पूर्ण केली. तिची पद्धती वि. स. सुखटणकर यांनी घालून दिली होती. अनेक प्रतींमध्ये काय टिकले, काय गळले आणि काय मागाहून शिरले हे पाहणे म्हणजे पाठचिकित्सा. ध्वनिमुद्रिकेच्या प्रेसिंगांकडेही याच दृष्टीने पाहता येते.

प्रस्तुत लेखात त्यासाठी जॉर्ज हॅरिसन यांचा ‘वंडरवॉल म्युझिक’ हा १९६८ चा अल्बम निवडला आहे. या निवडीचे कारण स्पष्ट आहे. बीटल्सच्या एका सदस्याने काढलेल्या या पहिल्या स्वतंत्र अल्बमचा मोठा भाग मुंबईत, मुंबईत जमलेल्या वादकांकडून वाजवून घेतला गेला. त्यामुळे त्याच्या प्रतींची तुलना करताना केवळ आवाज कसा आहे एवढे विचारून भागत नाही. या शहराचा आणि त्या वादकांचा वाटा कोणत्या प्रतीत किती शिल्लक राहिला, हेही विचारावे लागते.

मूळ प्रत : फोर्टमधील ध्वनिमुद्रण

जो मॅसो यांच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी हे संगीत तयार झाले. हॅरिसन यांनी चित्रपट पाहताना स्टॉपवॉचने प्रसंगांचे कालमापन केले आणि त्या मापाने संगीताचे तुकडे बेतले. पाश्चात्त्य वाद्यांचे तुकडे लंडनमध्ये मुद्रित झाले. त्यांत लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या वाद्यवृंदाचा आणि संयोजक जॉन बारहॅम यांचा वाटा मोठा आहे. भारतीय तुकडे जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात फोर्टमधील फिरोजशहा मेहता मार्गावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाले.

या मुद्रणाविषयी हॅरिसन यांनी पुढे सांगितलेल्या दोन गोष्टी प्रेसिंगांच्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरतात. पहिली अशी की, मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा केवळ मोनो यंत्र होते. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे भास्कर मेनन, जे पुढे अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले, यांनी कोलकात्याहून दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र रेल्वेने मुंबईत आणवले. दुसरी गोष्ट अशी की, स्टुडिओ कार्यालयांच्या वर होता आणि ध्वनिरोधाची सोय नव्हती. लक्षपूर्वक ऐकल्यास काही भारतीय तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज येतो, आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर जिन्यावरील पावलांच्या आवाजामुळे मुद्रण थांबवावे लागे, असे त्यांनी नोंदवले आहे.

दोन ट्रॅकच्या यंत्राचा एक परिणाम अटळ होता. त्या काळी ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅक उपलब्ध होते. एका वाद्याचा आवाज मागाहून कमीजास्त करता येई. मुंबईत ही मुभा फारच थोडी होती. सनई किती पुढे आणि पखवाज किती मागे, हा तोल प्रामुख्याने वादकांच्या बसण्याने आणि ध्वनिमुद्रकांच्या कानाने त्याच क्षणी ठरत होता. जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता या मुंबईच्या ध्वनिमुद्रकांची नावे अल्बमच्या श्रेयनामावलीत आहेत, ती म्हणूनच केवळ औपचारिक मानता येत नाहीत. पुढील प्रत्येक प्रेसिंग हे त्यांनी बांधलेल्या तोलाचीच नक्कल होय.

मोनो आणि स्टीरिओ : पहिल्या दोन प्रती

१ नोव्हेंबर १९६८ रोजी हा अल्बम ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीची ही पहिली एलपी. तिच्या दोन आवृत्त्या निघाल्या : मोनो (क्रमांक ‘ॲपकॉर १’) आणि स्टीरिओ (क्रमांक ‘सॅपकॉर १’). अमेरिकेत ती डिसेंबर १९६८ मध्ये ‘एसटी ३३५०’ या क्रमांकाने आली. तेथे मोनो एलपी तोवर जवळपास बंद झाल्याने ती स्टीरिओच होती. ब्रिटनमध्येही मोनोचे दिवस संपत आले होते. त्यामुळे मोनो प्रत तुलनेने दुर्मिळ झाली आणि संग्राहकांत तिला मान मिळाला.

या मानाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. मोनो तबकडीची खाच सुईला केवळ आडवी हलवते. स्टीरिओ तबकडीत आडव्या हालचालीत दोन्ही बाजूंची बेरीज आणि उभ्या हालचालीत दोहोंतील फरक नोंदलेला असतो. म्हणजे मोनोत सर्व वाद्ये एका बिंदूतून ऐकू येतात. ताल आणि रॉकचा जोरकसपणा यांसाठी ही एकवटलेली रचना उपकारक ठरते. ‘स्की-इंग’सारख्या गिटारप्रधान तुकड्याच्या बाबतीत मोनोचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु मुंबईच्या तुकड्यांसाठी तोच निकष लावला जातो तेव्हा प्रश्न निर्माण होतो. ‘लव्ह सीन’मध्ये आशिष खाँ यांच्या सरोदवादनावर त्यांचेच दुसरे वादन चढवून जुगलबंदी घडवलेली आहे. एकाच हाताचे, एकाच वाद्याचे दोन आवाज एका बिंदूतून आले की प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते हे ओळखायला श्रोत्याजवळ केवळ क्रम आणि आघात उरतात. शिवाय ज्या मुद्रणासाठी स्टीरिओ यंत्र कोलकात्याहून मुंबईपर्यंत आणले गेले, त्याची मोनो प्रत ‘अस्सल’ म्हणून मिरवावी, यात विसंगती आहे. दुर्मिळता हा किमतीचा निकष असू शकतो. पाठाच्या प्रामाण्याचा नव्हे.

खाचेतील स्थान : तुकड्यांचा क्रम आणि त्याचे परिणाम

एलपीच्या सर्वच प्रेसिंगांना एक भौतिक मर्यादा असते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते; लेबलाजवळ हेच अंतर सुमारे २१ सेंटीमीटर होते. तेवढ्याच काळातील नाद निम्म्याहून कमी लांबीत कोरावा लागत असल्याने आतील बाजूस तार वाद्यांची झार आणि आघाताची टोके बोथट होण्याचा धोका वाढतो.

या अल्बममध्ये एकूण १९ तुकडे आहेत : पहिल्या बाजूवर १० आणि दुसऱ्या बाजूवर ९. ‘टॅबला अँड पखवाज’ पहिल्या बाजूवर तिसरा असल्याने बाहेरच्या रुंद खाचेत येतो. ‘गत किरवानी’ मात्र नववा आहे. द्रुत लयीतील तंतुवाद्यांचा हा तुकडा खाच आकसलेली असते तेथेच पडला आहे. चित्रपट आणि अल्बमची आखणी लंडनमध्ये झाली. क्रम लावताना या वादनाला कोणती जागा मिळेल, हा विचार झाला असेल असे दिसत नाही.

म्हणून दोन प्रेसिंगांची तुलना करताना पहिल्या तुकड्यावरून मत बनवणे योग्य नाही. कोणत्याही प्रतीची खरी परीक्षा ‘गत किरवानी’त आहे. मूळ लॅकर कोरणाऱ्याचे कौशल्य, त्यावरून घेतलेल्या धातूच्या साच्यांची पिढी आणि स्टॅम्परची झीज या तिन्ही गोष्टी तेथे उघड होतात. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक त्यासाठीच वाचायचा असतो. एकाच कॅटलॉग क्रमांकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या कोरणीच्या असू शकतात, हे त्यावरून कळते. हस्तलिखिताच्या पुष्पिकेसारखाच हा पुरावा आहे.

नंतरच्या आवृत्त्या

१९९२ मध्ये अल्बम सीडीवर आला. सीडीत आतली-बाहेरची खाच हा भेद नसल्याने ‘गत किरवानी’ला प्रथमच इतर तुकड्यांइतकी जागा मिळाली, हे सीडीविरोधी संग्राहकांनीही मान्य करावे. २०१४ मध्ये ‘द ॲपल इयर्स’ या संचात नव्याने मास्टर केलेली आवृत्ती निघाली. तीत तीन तुकडे जोडले गेले : रेमो फोरचे ‘इन द फर्स्ट प्लेस’, ‘ऑलमोस्ट शंकरा’ हा अल्बमबाहेर राहिलेला तुकडा आणि ‘द इनर लाइट’चे पर्यायी वाद्यमुद्रण. २०१७ मध्ये हॅरिसन यांच्या एलपींच्या एकत्रित संचात अल्बम पुन्हा तबकडीवर आला.

पहिल्या प्रेसिंगलाच प्रमाण मानणारा संग्राहक या जोडांना प्रक्षेप म्हणेल. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ते तसे नाहीत. प्रक्षेप म्हणजे मागाहून दुसऱ्याने घातलेला मजकूर. ‘द इनर लाइट’ मात्र १२ जानेवारी १९६८ रोजी त्याच स्टुडिओत, त्याच मुक्कामात मुद्रित झाले आहे. एकाच मुक्कामाचे विखुरलेले कागद उशिरा का होईना एका बासनात आले, असे याचे वर्णन करता येईल.

श्रेयनामावली : प्रतीचा न ऐकू येणारा भाग

‘द इनर लाइट’चा इतिहास येथे एका वेगळ्या प्रश्नाकडे नेतो. मुंबईतील वाद्यमुद्रणावर फेब्रुवारी १९६८ मध्ये लंडनला गायन चढवले गेले आणि १५ मार्च १९६८ रोजी बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या दुसऱ्या बाजूवर ते प्रसिद्ध झाले. जगभर पोहोचलेल्या त्या लहान तबकडीवर मुंबईच्या एकाही वादकाचे नाव नव्हते.

साडेसात महिन्यांनी आलेल्या एलपीवर मात्र नावे आहेत : शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, महापुरुष मिश्रा, विनायक व्होरा, शंभू दास, रिजराम देसाड आणि बासरीसाठी एस. आर. केंकरे. यांतील शर्मा १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मुळे भारतीय रसिकांना परिचित होते. भावगीतगायक म्हणून मराठी माणसाला ठाऊक असलेले जी. एन. जोशी यांनी एचएमव्हीसाठी त्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली होती. ‘केंकरे’ हे आडनाव गोमंतकीय आणि मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. वेष्टनावर मात्र या वादकाच्या नावाची केवळ आद्याक्षरेच आहेत.

ही नावे वाद्यांपुढे दिली आहेत, तुकड्यांपुढे नव्हे. अमुक तुकड्यात कोण वाजवतो, हे वेष्टन सांगत नाही. म्हणजे सिंगलमधील पूर्ण मौन आणि एलपीतील अर्धी नोंद, अशा दोन पायऱ्या दिसतात. तिसरी पायरी, म्हणजे तुकडानिहाय श्रेय, ही केवळ कानाने आणि त्या पिढीच्या आठवणींच्या आधारेच गाठावी लागेल. त्यासाठी ज्या प्रतीत वाद्ये अधिक सुटी ऐकू येतात ती प्रत अधिक उपयोगी, हा निकष येथे आपोआप सिद्ध होतो.

टॅक्सींच्या आवाजाचेही असेच आहे. स्वच्छ प्रत हेच ध्येय मानणाऱ्याला तो दोष वाटेल. परंतु हे मुद्रण फोर्टमधील एका कचेरीच्या इमारतीत झाले, याचा तबकडीच्या खाचेत उरलेला तो एकमेव पुरावा आहे. पुनर्मुद्रण करताना असा आवाज पुसून टाकणे म्हणजे पोथीच्या समासातील लेखनिकाची नोंद खरडून काढण्यासारखे होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘वंडरवॉल म्युझिक’च्या बाबतीत मोनो प्रतीचा मान दुर्मिळतेवर आधारलेला आहे; मुंबईतील तुकड्यांच्या अभ्यासासाठी स्टीरिओ प्रतच आधारभूत मानावी. दुसरी, मूळ एलपीचे वेष्टन आणि २०१४ ची वाढीव आवृत्ती ही परस्परपूरक साधने आहेत. एकीत नावे आहेत, दुसरीत त्याच मुक्कामाची उर्वरित सामग्री आहे. तिसरी, प्रेसिंगची श्रेष्ठता ही निरपेक्ष नसून विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते.

या अभ्यासाला एक तातडीची बाजूही आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ध्वनिमुद्रिकांची शिस्तबद्ध नोंद करण्याचा पायंडा पाडला. तथापि अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना माळ्यावरच्या तबकड्या प्रथम रद्दीवाल्याकडे जातात. तेथे त्यांची किंमत वजनावर ठरते. मॅट्रिक्स क्रमांक आणि वेष्टनावरील नावे कोणी वाचत नाही. उपनगरांतील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आणि संगीत मंडळांनी अशा तबकड्या स्वीकारून त्यांची क्रमांकनिहाय नोंद ठेवली, तर विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेचे प्रात्यक्षिक घरबसल्या मिळेल. आद्याक्षरांपुरत्या उरलेल्या एखाद्या वादकाचे वादनही त्यातून कदाचित ओळखता येईल.