घुमट वाटेवर, माणूस बाजूला

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या ड्रोमाना इस्टेटीच्या फाटकाचे फोटो मी बरेच दिवस बघते आहे. फिनिस्क नदीवरचा दगडी पूल, आणि पुलाच्या टोकाला चक्क कांद्याच्या आकाराचा तांब्याचा हिरवट घुमट, बाजूला सडपातळ मिनार. दोन्ही अंगांना दारवानाच्या खोल्या, त्यांना चर्चसारख्या टोकदार खिडक्या. इंग्रजीत अशा फाटकाजवळच्या घराला ‘गेट लॉज’ म्हणतात. आपल्या वाड्याची देवडी आठवा. फरक एवढाच, की इथे पहारेकरी संसारासकट राहायचा.

कथा गोड आहे. १८२६ मध्ये हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट लग्न करून बायकोला घेऊन परतले, तेव्हा स्वागताला लाकूड, कापड आणि कागदाच्या लगद्याची कमान उभारली होती. दोघांना ती इतकी आवडली, की पुढे तीच पक्की बांधून घेतली, असं सांगतात. मार्टिन डे या वास्तुकाराचा आराखडा आहे १८४९ चा. म्हणजे लग्नाचा मांडवच दगडात उतरला!

या शैलीला ‘हिंदू-गॉथिक’ म्हणतात. पण घुमट आणि मिनार मुघल वळणाचे, तेही ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनवरून उचललेले. त्या पॅव्हिलियनला आजचं रूप देणारा जॉन नॅश भारतात कधी आलाच नव्हता. त्याचं काम चालू असतानाच, १८१८ मध्ये, इकडे पेशवाई बुडाली. ज्या देशाचं राज्य घेतलं त्याचा घुमट शोभेला वापरायचा, आणि नावही चुकीचं द्यायचं. नकलेची नक्कल करताना कुणाला विचारायची गरजच नसते.

तरी माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. घुमट नेमका कशावर आहे ते बघा. तो कमानीवर आहे, म्हणजे रस्त्यावर. मालकाची घोडागाडी जिथून क्षणभरात निघून जाते, तिथे सगळ्यात उंच छप्पर. ज्यांनी रात्री-अपरात्री उठून फाटक उघडायचं, त्यांच्या वाट्याला कडेच्या बुटक्या खोल्या. अशा जोड-लॉजमध्ये अनेकदा स्वयंपाक रस्त्याच्या एका बाजूला आणि झोपणं दुसऱ्या बाजूला असे. समोरून दिसणारी समरूपता सांभाळण्यासाठी घराचे दोन तुकडे!

आणि साल १८४९. बटाट्याच्या पिकाला लागलेल्या रोगानं आयर्लंडमध्ये दुष्काळ पडलेला. त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. फाटकाचा रेखीव नकाशा त्याच वर्षाचा आहे, हे विसरून मला तो नुसता ‘क्यूट’ म्हणता येत नाही.

फाटक सुंदर आहेच. पुलावरून त्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं तेव्हा मीही बोट थांबवते. १९६० च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटीनं त्याची दुरुस्ती केली, हेही बरंच झालं. पण सौंदर्य कुणाच्या नजरेसाठी बेतलंय, हे विचारणं म्हणजे रसभंग नव्हे. वास्तू वाचायची सुरुवात तिथूनच होते. फोटो झूम कराल तेव्हा घुमटावर थांबू नका. कडेच्या खिडकीपर्यंत जा. राहणारं माणूस तिथे होतं.