‘डीटूर’: निवेदक आणि विषकन्या

एडगर उल्मर यांचा ‘डीटूर’ १९४५ साली ‘प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन’ या हॉलिवुडच्या तळच्या थरातील कंपनीने काढला. लांबी अवघी अडुसष्ट मिनिटे. स्वस्त चित्रपटांच्या ढिगात तो लौकरच दिसेनासा झाला. पुढे दूरचित्रवाणीवरील अपरात्रीचे खेळ, झिजलेल्या प्रती आणि फ्रेंच समीक्षकांनी उल्मरकडे वेधलेले लक्ष अशा वाटेने तो परतला. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला आणि २०१८ साली त्याची दुरुस्त, स्वच्छ प्रत सिद्ध झाली. या पुनर्शोधाने चित्रपट वाचला. तो नीट वाचला गेला काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

पुनर्शोधाबरोबर दोन समज रूढ झाले. पहिला असा की, हा चित्रपट सहा दिवसांत, जवळजवळ पैशांवाचून झालेला चमत्कार आहे. या समजाला स्वतः उल्मर यांच्या सांगण्याचा आधार होता. कंपनीच्या कागदपत्रांवरून झालेल्या नंतरच्या संशोधनाने दिवसही वाढवले आणि खर्चही. दुसरा समज असा की, अ‍ॅन सॅव्हेज यांनी साकारलेली व्हेरा ही ‘फिल्म न्वार’मधील सर्वांत भयंकर ‘फाम फताल’ होय. या दोन्ही समजांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी आपण सांगणाऱ्या पुरुषाच्या शब्दावर विसंबलो आहोत.

चित्रपटाची सारी संहिता अल रॉबर्ट्सच्या (टॉम नील) निवेदनातून उलगडते. न्यूयॉर्कमधला हा पियानोवादक प्रेयसीला भेटण्यासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी थांबवत पश्चिमेकडे निघतो. वाटेत त्याला गाडीत घेणारा हॅस्केल मरतो. रॉबर्ट्स त्याचे प्रेत लपवून त्याचे कपडे, पैसे, मोटार आणि नावही घेतो. पुढे व्हेरा भेटते आणि तिचाही मृत्यू त्याच्या हातून, दारापलीकडून टेलिफोनची तार ओढल्याने, ‘चुकून’ होतो. दोन मृत्यू, दोन्ही अपघात, आणि दोन्हींचा साक्षीदार एकच. पडद्यावर दिसते ते घडलेलेच असते, या आपल्या भाबड्या विश्वासाचा तो पुरेपूर फायदा घेतो. श्रोत्याला हे पटणार नाही, हे मात्र तो स्वतःच आधी बोलून दाखवतो. ज्याच्यावर अजून कोणी आरोप ठेवलेला नाही, त्याने इतक्या तत्परतेने नियतीला दोषी का ठरवावे?

‘फाम फताल’ला आपल्याकडे सहज ‘विषकन्या’ म्हटले जाते. पण ‘मुद्राराक्षसा’तील विषकन्या राजकारण्यांच्या हातातील शस्त्र आहे. राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली ती विषकन्या पर्वतकाचा घात करते; तिच्या स्वतःच्या इच्छेला तेथे जागाच नाही. व्हेरा कोणाचेही शस्त्र नाही. ती मोहातही पाडत नाही. विस्कटलेले केस, ओढलेला चेहरा, मधूनच येणारा खोकला आणि कानशिलात मारल्यासारखे बोलणे, एवढाच तिचा ऐवज आहे. हॅस्केलच्या हातावर तिच्या नखांचे ओरखडे आहेत. ते पुरेसे बोलके आहेत. परंतु त्यांची हकीकत आपण हॅस्केलकडून ऐकतो, तिच्याकडून नाही. रॉबर्ट्सच्या संपूर्ण कथनात त्याचे खोटे ओळखणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती व्हेरा होय. मोटारीत झोपलेली ती एकाएकी डोळे उघडून प्रेताचे काय केलेस, असे विचारते. तो क्षण निवेदकाच्या हातून निवेदन निसटल्याचा क्षण आहे. ती ‘घातकी’ ठरते ती त्यामुळे. प्रत्यक्षात मात्र मरते तीच.

साधनांची टंचाई येथे रूपबंधाचाच भाग होते. न्यूयॉर्कचे रस्ते धुक्यात बुडवले आहेत, कारण दाखवायला रस्ते नव्हते. तरी ते धुके आठवणीचे वाटते. नायक पश्चिमेकडे, म्हणजे नकाशावर डावीकडे, जातो आहे हे दिसावे म्हणून काही दृश्ये उलटी छापली आहेत. त्यामुळे अमेरिकेत मोटारी डाव्या बाजूने धावतात आणि त्यांचे चाक उजवीकडे येते. अमेरिकन प्रेक्षकाला हे खटकते. आपण डावीकडूनच वाहने हाकणारे. आपल्या नजरेला त्यात वावगे काही दिसत नाही. खोटेपणा आपल्या सवयीशी जुळला की तो किती बेमालूम होतो, याचा हा धडा निवेदनाच्या वाचनालाही लागू पडतो.

शेवटी पोलिसांची गाडी येऊन रॉबर्ट्सला नेते. गुन्हेगाराला मोकळे सोडायचे नाही, ही सेन्सॉरसंहितेची अट यात पाळली गेली. पण येथेही बोलत राहतो तो रॉबर्ट्सच.

अ‍ॅन सॅव्हेज पुढे चित्रपटांपासून दूर गेल्या. २००७ साली गाय मॅडिन यांच्या ‘माय विनिपेग’मध्ये त्या आईच्या भूमिकेत परतल्या आणि २००८ साली निवर्तल्या. त्यांचे नाव टिकले ते बहुतांशी व्हेरामुळे. तिला ‘घातकी स्त्री’ म्हणून गौरवणे म्हणजे आरोपीची कैफियत निकालपत्र म्हणून स्वीकारणे होय. समीक्षेने निदान उलटतपासणी तरी करावी.